एकही पांढरा केस नको

शनिवारी सकाळी आमच्या निवाऱ्याच्या फाटकाशी गाड्या लागल्या की मी समजायचे, आज पुन्हा कुणाकुणाच्या पत्रिकेत शनी नीट बसलेला नाही. माणसं डबा घेऊन उतरायची. डब्यात तेल माखलेली चपाती. कुणी तिला पोळी म्हणायचं, कुणी चपाती, पण तेल सगळ्यांचं मोहरीचंच, आणि त्याचा वास असा की पलीकडच्या शेडमधली मांजरंसुद्धा तोंड फिरवायची. मग ती माणसं इकडेतिकडे बघत हळूच विचारायची, काळा कुठे आहे?

आमच्याकडे कुत्रे पुष्कळ होते. तांबडे, पांढरे, कबरे, तीन पायांचे, एका डोळ्याचे. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. काळेही चार-पाच होते, पण एकाच्या छातीवर पांढरा ठिपका, दुसऱ्याचे पंजे पांढरे, तिसऱ्याच्या शेपटीचं टोक पांढरं. ते चालायचे नाहीत. ज्योतिषांनी बजावलेलं असायचं की कुत्रा पूर्ण काळा हवा, अंगावर एकही पांढरा केस नको. तसा आमच्याकडे एकच होता. त्याला आम्ही नुसतं काळा म्हणायचो, आणि त्या एकाच्या जिवावर बाकीचे सगळे जेवत होते.

निवारा शीळफाट्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, एका शेतकऱ्याच्या पडीक जागेवर आहे. पत्र्याच्या शेडी, पाण्याची टाकी, एक चूल आणि तिच्यावर न उतरणारं भाताचं पातेलं. चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. जन्मभर दवाखान्यात नर्सची नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि निवृत्तीनंतर हाती आलं ते सगळं या जागेत ओतलं. जीभ तिखट. कुत्र्यांशी बोलताना आवाज मऊ करायच्या आणि माणसांशी बोलताना तो मऊपणा शिल्लकच राहायचा नाही.

मी तिथे पोचले एका मांजरीमुळे. ठाकुर्लीला आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत ती व्यायली होती आणि तिचा मागचा पाय कुठल्यातरी गाडीखाली गेलेला होता. आमचे सेक्रेटरी म्हणाले, वॉचमनला गोणपाट देतो, तो बघेल काय ते. मला संताप आला. मीच त्या सगळ्यांना खोक्यात घालून रिक्षाने ताईंकडे नेलं. घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता, नवऱ्याला दमा आहे. पिल्लं कुणाकुणाकडे गेली, मांजर तिथेच राहिली, आणि तिच्या निमित्ताने मीही आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागले. देणगीदारांचे फोन घ्यायचे, आभाराचे निरोप पाठवायचे, ही कामं माझ्याकडे आली, कारण ताई फोनवर बोलल्या की देणगीदार कमी व्हायचे. नवरा म्हणायचा, लोकांना साडेसाती साडेसात वर्षं असते, तुझी निवृत्तीनंतर सुरू झाली आणि ती काही संपायची नाही.

काळ्याच्या आधी आम्ही पैशासाठी काय काय नाही केलं? जखमी कुत्र्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. मोबाइलवर हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडायचा, पैसा पडायचा नाही. एकदा एका कंपनीची पोरं-पोरी एकसारखे टीशर्ट घालून आली, पिल्लांना मांडीवर घेऊन फोटो काढले, दारावर कंपनीचा बोर्ड लावून गेली. वर्षभर त्यांनी खर्च उचलला, मग त्यांचं वर्ष संपलं. बोर्ड अजून आहे, त्याच्या मागे पाली राहतात. वाढदिवसाला केक घेऊन येणारे आले, पितृपक्षात खीर-वडे घेऊन येणारे आले. वडिलांना बासुंदी आवडायची म्हणून कुत्र्यांना बासुंदी घालणारेही आले, आणि त्यानंतरचे दोन दिवस आम्ही काय निस्तरलं ते लिहिण्यासारखं नाही.

काळा आला तो कोलशेतहून. एक कोळी म्हातारी त्याला घेऊन आली होती, गळ्यात पट्ट्याऐवजी जाळ्याची दोरी. तिच्या घराच्या जागी बिल्डर इमारत बांधणार होता, तोवर मुलाबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचं होतं आणि घरमालक कुत्रा ठेवू देत नव्हता. बाई मोठ्या आवाजाची, संशयी. भात कुठला घालता, पाणी कुठलं देता, सगळं विचारून घेतलं, आणि जाताना सुक्या बोंबलांची पिशवी ताईंच्या हातात कोंबली. "घर झालं का येन मी त्याला न्यायला," म्हणाली. ताईंनी मान डोलावली. घर झालं की नेतो, बदली झाली की नेतो, बाळंतपण झालं की नेतो, असं म्हणणारी माणसं आम्ही ढिगाने बघितली होती. परत कुणी येत नाही. त्या कुत्र्याला नावही नव्हतं. ती त्याला जीभ टाळ्याला लावून टक् टक् असा आवाज करून बोलवायची, आणि तो दिवस मावळेपर्यंत फाटकाशी त्या आवाजाची वाट बघत बसला.

म्हातारी सुरुवातीला दोनदा-तीनदा येऊन गेली. त्याच्याजवळ जमिनीवर बसायची, त्याचे कान चाचपायची. मग तिचे गुडघे दुखायला लागले आणि ती फोन करू लागली. माझ्या कुत्र्याला द्या म्हणायची. फोन त्याच्या कानाला लावला की पलीकडून टक् टक् ऐकू यायचं आणि काळा फाटकाकडे धावायचा.

शनिवारचं प्रकरण सुरू केलं ते कल्याणच्या एका गृहस्थांनी. एमआयडीसीत त्यांचा छोटा कारखाना होता, तो बंद पडला होता, मुलाचं लग्न मोडलं होतं आणि कोर्टात काहीतरी चाललं होतं. त्यांना काळ्या कुत्र्याला दर शनिवारी चपाती घालायला सांगितलेलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालायला गेले तर सोसायटीवाले भांडायला आले, म्हणून शोधत शोधत आमच्याकडे पोचले. गंमत म्हणजे गृहस्थ कुत्र्याला विलक्षण घाबरायचे. लांब उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि चपाती अशी फेकायचे की ती बहुतेक वेळा शेडच्या पत्र्यावर जाऊन पडायची. पण जाताना त्यांनी तांदळाची पोती पाठवायचं कबूल केलं, आणि शब्द पाळला. त्यांनी ज्योतिषांना सांगितलं, ज्योतिषांनी आणखी लोकांना. बघता बघता डोंबिवली-कल्याणची साडेसाती आमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

मला आधी हसू यायचं, मग राग यायचा, आणि मग दोन्ही बंद झालं. कारण माणसं खोटी नव्हती. एक बाई चपाती भरवताना त्या कुत्र्याच्या कानात काहीतरी सांगायची आणि पदराने डोळे पुसत निघून जायची. ताईंनी नियम केला होता की प्रत्येकाने एकच घास द्यायचा, उरलेल्या चपात्या शेजारच्या शेळ्यांना. काळा बिचारा शहाणा होता. घास घ्यायचा, मागच्या दोन पायांवर बसायचा, पुढच्या माणसाकडे बघायचा. देवळातल्या पुजाऱ्याला जेवढी शिस्त नसेल तेवढी त्याला होती.

आणि निवारा सुधारला, हे कसं नाकारू? डॉक्टर नियमाने यायला लागले. मांजरांच्या शेडवर नवे पत्रे पडले. मांजरांसाठी कधी कुणी दमडी काढलेली नव्हती. मांजरीला कुठला ग्रहच नाही, उलट ती आडवी गेली तर माणसं थांबतात. माझी लंगडी मांजर भर पावसाळ्यात कोरड्या जागी झोपायची ती काळ्याच्या शनिवारांवर. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पुढे जे झालं त्यात एकट्या ताईंना दोष देताना माझी जीभ अडखळते.

झालं असं की काळ्याची हनुवटी पिकायला लागली. तो काही तरुण नव्हता. आधी खाली दोन-चार केस, मग ओठांच्या कडेने, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना. म्हातारीने त्याला आणलं तेव्हाच बहुतेक सुरुवात झालेली होती, आम्ही लक्ष दिलं नव्हतं. लक्ष दिलं ते कल्याणच्या गृहस्थांनी. एका शनिवारी त्यांनी चक्क डोळे उघडे ठेवले आणि म्हणाले, अहो, याला पांढरे केस आलेत.

मी त्यांना समजावलं, हे म्हातारपणाचं पांढरं, जन्माचं नव्हे. त्यांनी तिथूनच ज्योतिषांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. गुरुजींनी क्षणाचाही विचार न करता निकाल दिला, पांढरं ते पांढरं. गृहस्थांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. मग अपराधी चेहऱ्याने म्हणाले की बदलापूरकडे एक आहे म्हणतात, पूर्ण काळा. त्या आठवड्यात तांदूळ आला नाही. पुढच्या शनिवारी गाड्या निम्म्या.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा काळा फाटकाशी बसलेला होता आणि त्याचं तोंड काळंभोर होतं. मला क्षणभर काही कळेना. तो जवळ आला, नेहमीसारखं माझ्या हाताला नाक लावलं, आणि मला वास आला. तो वास मी कुठेही ओळखेन. दर महिन्याला माझ्या न्हाणीघरात तोच असतो. दुकानात पाकिटातून मिळते ती काळी मेंदी.

ताई चुलीपाशी भात ढवळत होत्या. मी विचारलं, "ताई, हे काय केलंत?"

त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "तू दर महिन्याला केस रंगवतेस. तुला कुणी विचारतं का?"

"मी माझे रंगवते. त्याला विचारलंत?"

"विचारलं असतं तर म्हणाला असता, रंगव बाई, पण या सगळ्यांना उपाशी ठेवू नकोस." मग त्या वळल्या. डोळे धुराने लाल झाले होते, की आणखी कशाने, मला माहीत नाही. "तुझ्याकडे दुसरा रस्ता असेल तर सांग. आत्ता सांग. मी ही पाकिटं चुलीत घालते."

माझ्याकडे रस्ता नव्हता. माझ्याकडे नुसता राग होता, आणि रागाने पातेलं भरत नाही. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो नेहमी टोमणा मारणारा माणूस, त्या दिवशी एवढंच म्हणाला की बिचाऱ्याच्या तोंडाला आग होत असेल गं. मला रात्रभर तेच आठवत राहिलं.

पहिल्या वेळी काही झालं नाही. शनिवारी लोक आले, गृहस्थ आले, मिटल्या डोळ्यांनी चपाती फेकली. फोनवर गुरुजींना कळवलं की आता ठीक आहे. कसं ठीक झालं हे त्यांनीही विचारलं नाही, गुरुजींनीही नाही. तांदूळ आला. मांजरांना मासळी आली. मी आभाराचे निरोप पाठवले, प्रत्येक निरोपात लिहायचे की काळा मजेत आहे.

याच दिवसांत कोलशेतहून फोन आला. घर झालं होतं. म्हातारीचा आवाज आनंदाने फुटत होता. चौथ्या मजल्यावर खोली मिळालीय, गॅलरी आहे, तिथे याचं अंथरूण टाकते, लिफ्टमध्ये घाबरेल काय गो तो, असं सगळं एका दमात बोलली. मी फोन ताईंना दिला. ताई म्हणाल्या, त्याला थोडा ताप आहे, औषध चालू आहे, महिन्याने या. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, महिन्यात काहीतरी मार्ग काढू.

मी म्हटलं, ताई, एवढी माणसं नेतो म्हणून सांगून गेली, त्यांतली एक खरी निघाली आणि तिलाच आपण परत पाठवतोय. आतल्या शेडमध्ये कुणीतरी भुंकलं, मग सगळेच भुंकले, जेवणाची वेळ झाली होती. एका कुत्र्याला घर मिळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि त्याच एका कुत्र्याला घर मिळू नये म्हणून आम्ही खोटं बोलत होतो. मला त्या पत्र्याच्या शेडीत उभं राहवेना.

मेंदी टिकते किती? मुळातून पांढरं वर यायला लागलं. ताईंनी पुन्हा लावली. या वेळी त्याचे ओठ सुजले. कातडी लाल झाली, तो पुढच्या पायांनी तोंड घासायचा आणि जेवणाकडे बघून मान फिरवायचा. डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि विचारलं, माणसाच्या डोक्याला लावायचं हे याच्या तोंडाला कुणी लावलं? ताई म्हणाल्या, मी. डॉक्टर भले माणूस, हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. काळ्याला मागच्या औषधांच्या खोलीत ठेवलं. तिथे ताईंनी त्याच्यापाशी चटई टाकली. चमच्याने त्याला घोट घोट पाणी पाजत होत्या.

तो शनिवार मला विसरता येत नाही. गाड्या लागल्या होत्या, डबे उघडले होते, आणि काळा आजारी आहे म्हणून ताई सगळ्यांना फाटकातूनच समजावत होत्या. कल्याणचे गृहस्थही होते. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि कोलशेतची म्हातारी उतरली. नवी साडी, हातात नवा पट्टा, काखेला पिशवी. महिना झाला नव्हता. तिला महिनाभर धीर धरवला नव्हता, एवढंच.

ताई तिला म्हणाल्या की अजून बरा नाही, कशाला आलात एवढ्या लांब. म्हातारीने ऐकूनच घेतलं नाही. ती लंगडत आत आली, सगळ्या शेडी बघितल्या, आणि मग अंगणाच्या मधोमध उभी राहून जीभ टाळ्याला लावली. टक् टक्. टक् टक्.

मागच्या खोलीतून आवाज आला. भुंकणं नव्हे, विव्हळणं. मग दाराला नखं घासल्याचा आवाज.

ताई दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हातारी त्यांच्यासमोर थांबली. ती नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "माजा कुत्रा मना दे, बाय. बाकी मना काय नको."

ताई बाजूला झाल्या. कडी मी काढली.

काळा बाहेर आला तो थेट तिच्या पायांत. तिने खाली बसून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिचे हात थांबले. सुजलेले ओठ, लाल कातडी, आणि वर काळे कुळकुळीत केस. तिने पदराने पुसून बघितलं. रंग निघाला नाही.

"ह्याची दाढी पिकलेली व्हती," ती म्हणाली. "कुठं गेली?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणून मी सांगितलं. मेंदी लावली, ती बाधली, आणि का लावली. सगळं सांगितलं, फाटकाशी उभ्या असलेल्या डबेवाल्यांच्या देखत. मला वाटलं, आता ही बाई शिव्यांची लाखोली वाहील, आणि खरं तर मला ती हवी होती. तिने नुसता नवा पट्टा त्याच्या गळ्यात घातला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि एवढंच म्हणाली, "पिकली त पिकली. माजी बी पिकलीय."

रिक्षात बसताना काळ्याने मागे वळून बघितलं नाही. बघावं असं मला वाटत होतं, हा माझा लोभ.

रिक्षा गेल्यावर कल्याणचे गृहस्थ माझ्याजवळ आले. डबा तसाच हातात होता. मला म्हणाले, "मॅडम, आता मी काय करू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टा नव्हती. त्यांना खरोखर कळत नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ते जमलं नाही. मी त्यांना म्हटलं, चपाती शेळ्यांना घाला आणि घरी जा. त्यांनी घातली. त्यानंतर ते आले नाहीत.

शनिवार ओस पडले. डॉक्टर बोलावल्याशिवाय येईनासे झाले, म्हणजे आम्हीच बोलावेनासे झालो. भातात पाणी वाढलं, त्यात शिजायचे ते कोंबडीचे पाय कमी झाले. सगळ्यांत वाईट काम फाटकाशी होतं. नवीन जनावर घेऊन येणाऱ्याला परत पाठवायचं. एकदा एक मुलगी खोक्यात मांजर आणि पिल्लं घेऊन आली, रिक्षाने, मी आले होते तशीच. जागा नाही असं तिला मी सांगितलं. जागा होती. तिच्या चेहऱ्यावरचा संताप माझ्या ओळखीचा होता. ती गेल्यावर मी माझ्या लंगड्या मांजरीजवळ जाऊन बसले आणि पहिल्यांदा मला ती जड वाटली. काळा गेला हे योग्यच झालं असं आम्ही दोघी मानत होतो, आणि पातेल्याकडे बघताना दोघींचीही मान खाली जायची.

कोलशेतहून मधेच एकदा फोन आला. सूज उतरली होती, बांगड्याचं डोकं खातो म्हणाली. मुळाकडून पांढरं यायला लागलंय, आता अर्धा काळा, अर्धा पांढरा दिसतो, पोरं हसतात. मी आरशात माझा भांग बघितला. त्या महिन्यात मेंदीचं पाकीट आणायचं राहून गेलं होतं. तत्त्व वगैरे काही नव्हतं, तो वास घरात नकोसा झाला होता.

मग एका संध्याकाळी कुणीतरी ठाकुर्लीच्या पुलाखाली सापडलेलं पिल्लू आणून दिलं. गोणपाटात गुंडाळलेलं, भुकेने पोट खपाटीला गेलेलं. ताईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि गोणपाट बाजूला सारलं. पिल्लू काळं होतं. पाठ काळी, कान काळे, शेपटीचं टोक काळं, पंजे काळे.

आणून देणारा माणूस कधी गेला तेही आम्हाला कळलं नाही. ताईंनी पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि दिवा जवळ आणला. मी त्याला उताणं केलं आणि बोटांनी केस बाजूला करत बघायला लागले. पायांच्या बोटांमध्ये बघितलं, काखेत बघितलं, कानांच्या मागे बघितलं. शनिवारचे लोक बघायचे तसंच, त्यांच्याहून बारकाईने. डोक्यात हिशोब चालू होता, लहान आहे, दहा वर्षं तरी पिकणार नाही. डॉक्टर पुन्हा यायला लागतील. त्या मुलीचं खोकं परत बोलावता येईल. पिल्लू माझं बोट चोखत होतं. त्याला वाटत होतं मी त्याचे लाड करतेय.

"आहे का काही?" ताईंनी विचारलं.

पोटाच्या खाली, मागच्या पायांच्या मध्ये, बोटाला एक मऊ बट लागली. दिव्याखाली नीट बघितली. पांढरी. फारतर नखाएवढी. मी बोट त्याच्यावरच ठेवलं. मनात आलं, एवढीशी तर आहे, कात्रीने काढली तर कुणाला कळणार आहे? हे मनात आलं ते ताईंच्या नव्हे, माझ्या.

"आहे," मी म्हटलं. "पोटावर."

ताईंनी दिवा खाली ठेवला. त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि पिल्लाच्या पोटावरून एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता रडतील.

"सुटलास रे," त्या त्याला म्हणाल्या.

मग उठून भाताच्या पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी ओतायला गेल्या.